पुतळा उभा, सारिंतेन आडवी

सुमुरगेडे आळीत शहाणी माणसं यायला लागली ती फणस धरायच्या दिवसांत. गळ्यात ओळखपत्रं, पायांत पांढरेधोप बूट आणि हातात लाल डोळा मिचकावून भिंतींची मापं घेणारी डबी. त्यांचा म्होरक्या गालिह नावाचा पोरगा, जाकार्ताहून शिकून आलेला. आळीचं काय करायचं ते आळीनंच ठरवायचं, हे सांगायला नगरपालिकेनं त्याला धाडलं होतं. आळीनंच ठरवायचं तर मग हा कशाला आला, असा प्रश्न सारिंतेनच्या अगदी ओठांवर आला होता. पण पाहुण्याला असं तोंडावर कोणी विचारत नाही. तिनं त्याच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली आणि गप्प बसली.

सारिंतेन गप्प बसली, ही खरं तर आळीतली मोठी घटना. पण गालिहला काय ठाऊक!

आळीतलं कुठलंही कार्य तिच्या पळीशिवाय झालेलं नव्हतं. लग्न असो, कोणाला सातवा महिना लागलेला असो, नाहीतर कोणी गेलेलं असो, बायका आपापली सुरी आणि पाट घेऊन विहिरीच्या पटांगणात जमायच्या आणि सारिंतेन बुटक्या स्टुलावर बसून राज्य करायची. कांदा कोणी चिरायचा, नारळ कोणी खवायचा आणि मिठाच्या भांड्याजवळ कोणाला फिरकूसुद्धा द्यायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. मिठाजवळ फिरकू न द्यायची बाई म्हणजे शेजारची मुर्नियाती. शाळा म्हणाल तर सारिंतेनच्या दोन इयत्ता. त्यातली दुसरी अर्धीच, कारण मास्तर तिला गप्प बस म्हणाले आणि ती मास्तरांना.

आता हे पटांगण म्हणजे काय मोठं मैदान नव्हे. एक जुनी दगडी विहीर, एक फणसाचं झाड, त्याखाली तीन चुली आणि उरलेला चिखल. पण सुमुरगेडे आळी अशी बोळकांडी, की छत्र्या उघडून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. आणि ही बोळकांडी मधोमध काटकोनात वळते. बरोबर त्या वळणावर हे पटांगण. कागदावर नगरपालिकेचं, वापरात सगळ्यांचं आणि सारिंतेनच्या मते सारिंतेनचं.

पहिली सभा पाक एर्तेच्या ओसरीवर भरली. पाक एर्ते म्हणजे आळीचा मुखिया. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. गालिहनं भिंतीवर आळीचा भला मोठा नकाशा डकवला. घरं पिवळी, नदी निळी, मशीद हिरवी आणि पटांगण पांढरं. पांढऱ्यावर लिहिलं होतं, 'रिकामी जागा'.

"ही आळी म्हणजे आपला वारसा आहे," गालिह म्हणाला. "तुमचं एकत्र राबणं, एकत्र रांधणं, हे आता शहरात उरलेलं नाही. ते जपायला हवं. लोकांनी येऊन पाहायला हवं. आता लोक येणार म्हणजे गाड्या येणार, गाड्या लावायला जागा हवी. ही रिकामी जागा गाड्यांसाठी ठेवली तर कसं?"

सगळे हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होते. गालिहनं चिठ्ठ्या वाटल्या. पटलं तर हिरवी लावा, नाही पटलं तर लाल.

इथंच सगळा घोटाळा झाला. सुमुरगेडे आळीत कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. शेजाऱ्यानं शिडी मागितली तर 'हो, देतो की' म्हणायचं, आणि मग ती शिडी महिनाभर सापडत नाही. नको असलेलं स्थळ आलं तर 'हो, हो, विचार करू' म्हणून पाहुण्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पाहुणे जेवून उठतानाच ओळखतात की मुलगी काही मिळत नाही. इथं 'हो' म्हणजे 'ऐकलं'. पुढचं काय ते समोरच्यानं डोळ्यांत वाचायचं. गालिह जाकार्तात वाढलेला. त्याला वाचायचं ते फक्त कागदावरचं ठाऊक.

पाहुण्यासमोर लाल चिठ्ठी कोण लावणार? सगळा नकाशा हिरवा झाला. पाक एर्तेला जागा उरली नाही म्हणून त्यानं आपली चिठ्ठी नदीत लावली.

"किती एकमुखानं निर्णय घेता तुम्ही!" गालिहचे डोळे पाणावले.

"हो, हो," सगळे म्हणाले आणि उठून घरी गेले. गाड्याबिड्या काही येत नाहीत, 'हो' म्हणून झालंय, म्हणजे विषय संपला, असं प्रत्येकाला वाटलं. सारिंतेनलाही.

तिला तसं वाटून घ्यायला आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सभेनंतर गालिह तिच्या दारात आला होता. मानानं तिला 'बू', म्हणजे आई, म्हणायचा.

"बू सारिंतेन, एक विचारू? या आळीची ओळख म्हणून आम्हाला पटांगणात एक पुतळा बसवायचाय. हातात पळी घेतलेली बाई. ती बाई तुम्ही असाल."

त्यानं संगणकावर चित्र दाखवलं. पुतळा चांगला पुरुषभर उंच. खाली पाटी, पाटीवर नाव. सारिंतेननं आरशात जेवढं कधी पाहिलं नव्हतं तेवढं त्या चित्रात पाहिलं.

"माझ्यासारख्या अडाणी म्हातारीचा कसला पुतळा!" ती म्हणाली. आणि मग लगेच, "अंगात केबायाचा झगा कुठला चढवणार? तो जांभळा नको, मला जाड दाखवतो."

"दगडात रंग दिसत नाही, बू."

"दिसत नसला म्हणून काय झालं? करणाऱ्याला माहीत हवा."

तर हे असं. आळीतल्या बाकी सगळ्यांनी तोंडदेखलं 'हो' म्हटलं होतं. मनापासून म्हटलेलं एकच होतं, आणि ते सारिंतेनचं होतं.

फणस चांगले वाढले तेव्हा एक दिवस पटांगणात खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. लाल फीत बांधलेल्या, अगदी ओळीनं. चुलींच्या मधून एक ओळ गेली होती. जिथं तिचं बुटकं स्टूल असायचं तिथं पुतळ्यासाठी विटांचा चौथरा उभा राहिला होता.

"बघ की," मुर्नियाती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्याच चुलीवर तुझाच पुतळा. आता तू तिथं उभी राहा आणि आम्ही तुला बघायला येणाऱ्यांच्या गाड्या पुसतो."

"तुझ्या पोटात का दुखतंय? तुझा पुतळा करायचा तर आधी मीठ घालायला शीक."

"पुतळ्याला कुठं मीठ घालता येतं? म्हणून तर तुला निवडलीय. दगडाच्या हातचं कोण खाणार?"

सारिंतेन उत्तर द्यायला वळली, तर फणसाखाली म्बाह कार्तो दिसला. आळीतला सगळ्यात म्हातारा, म्हणून सगळ्यांचा 'म्बाह', म्हणजे आजोबा. रोज सकाळी आपली वेताची खुर्ची घेऊन विहिरीशी बसायचा. आज खुर्चीच्या जागी खुंटी होती, म्हणून तो खुंटीला टेकून उभा होता.

"सारिंतेन," तो म्हणाला, "मला कुठून नेणार मग?"

"कुठं नेणार?"

"कुठं म्हणजे? वर." त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं आणि मग बोळाकडे. "जनाजा वळायचा कुठं?"

सारिंतेनचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काहीच आलं नाही. एकाच मोसमात हे दुसऱ्यांदा झालं.

त्या बोळकांडीत जनाजा वळत नाही. कधीच वळलेला नाही. आतल्या बाजूनं कोणीही गेलं तरी खांद्यावरचा जनाजा आधी पटांगणात आणायचा, तिथं फिरवायचा आणि मग रस्त्याकडे न्यायचा. फिरवायच्या आधी तो वर उचलून धरतात, आणि मुलंनातवंडं त्याच्या खालून वाकून जातात, गेलेल्याची माया तुटावी म्हणून. घरं एवढीएवढीशी, म्हणून मयताला अंघोळसुद्धा इथंच, विहिरीशी चादरी धरून. आणि एकदा उचललेला जनाजा मुक्कामाआधी कुठं टेकवत नाहीत, टेकवला तर मागोमाग आणखी एक जातो. म्बाह कार्तोच्या बायकोला याच विहिरीच्या पाण्यानं शेवटची अंघोळ घातलेली. सारिंतेनच्या नवऱ्यालाही. आणि ते पाणी तिनं स्वतः ओढलं होतं, त्याच हातांनी नंतर चूल पेटवली होती.

"मला तिच्याच वाटेनं जायचंय," म्बाह कार्तो म्हणाला. "फार मोठं मागणं नाही. दुसरं काही मी मागत नाहीये."

सारिंतेननं विटांच्या चौथऱ्याकडे पाहिलं. तिचा पुतळा बरोबर तिथं उभा राहणार होता जिथं जनाजा फिरतो.

ती तडक गालिहकडे गेली. त्यानं पाक एर्तेच्या बाहेरच्या खोलीत कचेरी थाटली होती. भिंतीवर तोच हिरवागार नकाशा.

"बाळा, पटांगण द्यायचं नाही," सारिंतेन म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं पाहुण्याला 'नाही' म्हटलं होतं. तिचे कान तापले.

गालिहला आधी कळेचना. "पण बू, सगळ्यांनी हिरव्या चिठ्ठ्या लावल्या!"

"लावणारच. तू समोर बसला होतास."

"म्हणजे?"

"म्हणजे तू माझ्या घरी आलास, मी विचारलं, 'भाजी आवडली का?', तर तू काय म्हणशील?"

"आवडली."

"आणि नसली तर?"

गालिहनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण बू, हा आराखडा आता वर गेला. उपमहापौर स्वतः गुरुवारी येणार आहेत. आराखड्यात बदल करायचा तर लोकसहभागाची सगळी प्रक्रिया पुन्हा..." त्याचा चेहरा पडला होता. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला चार शब्द सुनवून मोकळं होता आलं असतं. "आणि त्यांच्यासमोर तुम्ही तुमचं एकत्र राबणं दाखवणार आहात. कार्यक्रमपत्रिका छापून झाली. दाखवाल ना?"

सारिंतेननं त्याच्याकडे एक नजर टाकली. मग हात जुळवले, मान लववली, आणि चांगलं मधाळ बोलली, "हो, बाळा. दाखवू की."

आळीतलं कोणीही असतं तर त्याच्या पायाखालची जमीन सरकली असती. गालिह म्हणाला, "धन्यवाद, बू!"

दुसऱ्या दिवशी पटांगणात कांदे सोलायला बायका जमल्या. खुंट्यांच्या मधेमधे पाट मांडून बसल्या होत्या.

"त्यांना राबणं बघायचंय ना? दाखवू या," सारिंतेन म्हणाली. "लग्नातलं नको. मयतातलं दाखवू."

सुऱ्या थांबल्या.

"सारिंतेन, काहीतरी अभद्र बोलू नकोस," एकजण म्हणाली. "मेलं कोण आहे?"

"तेच तर ठरवायचंय."

"मी जातो की," फणसाखालून म्बाह कार्तो म्हणाला. "मला नाहीतरी जायचंच आहे. वाट तरी बघून येतो."

"तुम्ही नाही हं, म्बाह! तुम्ही एकदा त्यात झोपलात की उठायचा कंटाळा कराल, आणि मग सगळं खरंच होऊन बसेल. मी झोपते."

"तू?" मुर्नियातीनं कांदा खाली ठेवला. "तुला उचलणार कोण? चार माणसांत उचलण्यासारखी आहेस का तू?"

"म्हणून तर मी. म्बाहना उचललं तर त्यांना वाटेल, कापूसच आहे. वजन कळायला हवं."

"अपशकुन होईल, सारिंतेन," मुर्नियाती हळू आवाजात म्हणाली. आता त्यात टोमणा नव्हता.

"होऊ दे माझ्या वाट्याला. पुतळाही माझ्याच वाट्याला आलाय ना? दोन्ही एकदम घेते."

मुर्नियातीनं उठून डोळे पुसले, कांद्याचे की कशाचे कोण जाणे, आणि म्हणाली, "मशिदीतून जनाजा आणायची किल्ली माझ्या दिराकडे असते. मागून ठेवते. तोपण 'हो' म्हणेल, पण मी समोरून हलणार नाही."

गुरुवारी आळी नवरीसारखी सजली. नगरपालिकेनं कागदी झेंडे पाठवले होते, फुलांच्या कुंड्या पाठवल्या होत्या आणि फोटो काढून झाल्यावर कुंड्या परत न्यायला माणूसही पाठवला होता. पटांगणात आळीतल्या पोरांनी आपल्या मोटरसायकली खुंट्यांच्या आत अगदी ओळीनं लावल्या होत्या. हुबेहूब आराखड्यातल्या चित्रासारख्या. गालिह ते पाहून हरखला. "किती समज आहे यांना!" असं तो कोणाला तरी म्हणालाही.

उपमहापौर आले, मागोमाग कॅमेरेवाले आले, आणि आतल्या बोळात पाक एर्तेच्या ओसरीसमोर सगळे थांबले. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस, बाटिकचा शर्ट, इथल्याच मातीतला. सगळ्यांशी हात जोडून बोलला. वारशाबद्दल बोलला. परंपरेबद्दल बोलला. टाळ्या झाल्या.

"आणि आता," गालिह म्हणाला, "आळीतले लोक आपल्याला त्यांची एकत्र राबायची रीत दाखवतील!"

बोळाच्या आतल्या टोकाकडून मशिदीचा जनाजा आला. हिरवं कापड अंथरलेला, वरची कमान काढून ठेवलेली. कमान ठेवली असती तर सारिंतेनला बोलता आलं नसतं, आणि मग कशाचा काय उपयोग? आत ती जांभळा केबाया घालून हाताची घडी घालून पडली होती. उपमहापौरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

पाक एर्ते पुढे झाला आणि कमरेत वाकून म्हणाला, "साहेब, रीत अशी आहे की पुढचा खांदा सगळ्यात मानाच्या माणसानं द्यायचा."

आता काय म्हणणार बिचारा? खांद्याला नाही म्हणत नाहीत. त्यातून समोर कॅमेरे. आणि तोही याच मुलखातला, तोंडावर 'नाही' म्हणायची सवय त्यालाही कुठं होती!

"हो, हो," उपमहापौर म्हणाले आणि दांड्याखाली शिरले. दुसऱ्या पुढच्या दांड्याला गालिहला लावलं. मागे पाक एर्ते आणि मुर्नियातीचा थोरला. दांडा खांद्यावर टेकला तसा उपमहापौरांच्या तोंडून एक आवाज निघाला. मुर्नियाती गर्दीतून म्हणाली, "कळलं का वजन?"

निघाले. बोळातून सरळ चालत वळणाशी आले. आणि थांबले.

पुढे भिंत. मागे खिडकीचे गज. डावीकडे वळावं तर पटांगणात मोटरसायकलींची रांग आणि विटांचा चौथरा. एक पाऊल पुढे, ठक. एक पाऊल मागे, ठक. कोणाच्या तरी घरातलं वाळत घातलेलं कापड उपमहापौरांच्या डोक्यावर पडलं.

"काय झालं?" वरून आवाज आला. "का थांबलो?"

"बू," गालिह धापा टाकत म्हणाला, "वळत नाहीये."

"असं कसं? चित्रात तर सगळं बसत होतं."

"बू, तुम्ही जरा उतरता का?"

"मयत कधी उतरतं का, बाळा?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. उपमहापौरांच्या मानेवरून घाम वाहत होता. ते म्हणाले, "आपण हे थोडं खाली ठेवू या..."

"उचललेला जनाजा वाटेत टेकवत नाहीत, साहेब," मागून पाक एर्ते म्हणाला. त्याचाही खांदा मोडत होता, पण असं बोलायला मिळायचा मोका त्याला आयुष्यात पहिल्यांदा आला होता. "टेकवला तर मागोमाग आणखी एक जातो. आणि पुढचा खांदा देणाऱ्याचा नंबर आधी, असं म्हणतात."

हे शेवटचं कोणीही म्हणत नव्हतं. ते पाक एर्तेनं तिथल्या तिथं रचलं होतं. पण उपमहापौरांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सारिंतेननं आभाळाकडे बघतच बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. "साहेब, तुमचा पुतळा फार छान आहे. मी स्वतः 'हो' म्हटलंय. तो उभा राहील. पण मला आडवं जायचंय. माझा नवरा इथून आडवा गेला. म्बाह कार्तोंची बायको इथून गेली. म्हातारा रोज इथं बसून आपली वाट राखतोय. तुमच्या कागदावर ही जागा रिकामी आहे. आमची माणसं इथून गेली म्हणून ती रिकामी दिसते, एवढंच."

एका मोटरसायकलीचा आरसा जनाज्याच्या दांड्याला लागून हलत होता.

"बरोबर आहे, बू," उपमहापौर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "हो, हो. आपण याचा नक्की विचार करू."

तो सूर सारिंतेनच्या ओळखीचा होता. तिच्याच आळीतला होता, तिच्याच घरातला. याच सुरात तिनं आयुष्यभर शिड्या दिल्या नव्हत्या.

ती कोपरावर टेकून उठून बसली. जनाजा हेलकावला, चौघांनी देवाचं नाव घेतलं.

"साहेब, हे असलं 'हो' आम्हीच घडवलंय. ते आम्हालाच देऊ नका. तोंडाचं नकोय मला. तुमचा एक हात मोकळा होतो ना? ती बघा, तुमच्या पायाशी. खुंटी. उपटा."

उपमहापौरांनी खुंटीकडे पाहिलं. कॅमेऱ्यांकडे पाहिलं. वर बसलेल्या जांभळ्या बाईकडे पाहिलं. खांदा तर बहुधा सुन्न झाला होता. मग त्यांनी गुडघे वाकवले आणि एका हातानं खुंटी ओढली. चिखलातली खुंटी, एका झटक्यात निघाली. लाल फितीसकट.

गालिहला कोणी काही सांगितलं नाही. त्यानं पायानंच दुसरी खुंटी आडवी केली. ती त्यानंच ठोकली होती, कुठं किती खोल आहे ते त्याला माहीत होतं. मग पोरांनी मोटरसायकली ढकलल्या, बायकांनी पाट उचलले, कोणीतरी चौथऱ्याच्या विटा पायानं लोटल्या. जनाजा पटांगणात शिरला, सावकाश फिरला आणि फणसाखाली, या जिवंत मयताच्या मुक्कामाला, टेकला.

"वळला," म्बाह कार्तो खुर्चीतून म्हणाला. तेवढंच.

मग जेवणं झाली. मयताला करतात ते तांदळाचे आपेम केले होते. उपमहापौरांनी एका हातानं खाल्ले, दुसरा वर जात नव्हता. "आवडले का?" मुर्नियातीनं विचारलं. "हो, हो," ते म्हणाले. मीठ कमी होतं. सारिंतेन जनाज्यात असताना भांडं मुर्नियातीच्या हाती होतं ना!

आराखडा बदलला. नव्या नकाशात पटांगण पांढरं नव्हतं, तपकिरी होतं, आणि त्यावर भलंमोठं काहीतरी लिहिलेलं होतं, ज्याचा अर्थ गालिहनं समजावून सांगितला आणि कोणालाच कळला नाही. हिरव्या चिठ्ठ्या मात्र सगळ्यांनी पुन्हा लावल्या. गाड्यांची जागा नदीकडच्या कचराकुंडीजवळ गेली. तिथं अजूनपर्यंत एकही गाडी आलेली नाही.

पुतळा मात्र आला. तो आधीच मंजूर झाला होता, आणि नगरपालिकेत एकदा मंजूर झालेली वस्तू जन्माला येतेच. पटांगणात जागा नाही म्हणून तो वळणावरच्या भिंतीला टेकवून उभा केला. सडपातळ बाई. सरळ नाक. कमरेला वळण. पळीचा हात पुढे केलेला, जणू वाटसरूंना वाढतेय.

"अगं बाई," मुर्नियाती डोकं कलतं करून म्हणाली, "ही तर माझ्या तरुणपणासारखी दिसतेय."

"तुझ्या तरुणपणी मी होते. असं काही नव्हतं."

सारिंतेन सगळ्यांसमोर पुतळ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण सकाळी आळी उठायच्या आधी कोणीतरी त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून जातं, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी तिला तोंडावर बोलून दाखवलं नाही. सुमुरगेडेची तेवढी रीत अजून शाबूत होती.

पुढच्या फणसांना म्बाह कार्तो गेला. झोपेतच, काही कुरकूर न करता. विहिरीचं पाणी ओढलं, चादरी धरल्या, अंघोळ घातली. सारिंतेननं चूल पेटवली. मशिदीतून जनाजा आला, नातवंडं खालून वाकून गेली. गालिहही आला होता, न बोलावता, आणि पुढच्या खांद्याला स्वतःहून लागला. जनाजा पटांगणात फिरला आणि रस्त्याकडच्या बोळात शिरायला लागला.

आणि अडकला.

पुतळ्याची पुढे आलेली पळी बरोबर दांड्याला आडवी आली होती. डावीकडे सरकावं तर भिंत. हिरवं कापड दगडी पळीला गुंतलं. म्बाह कार्तो आपल्या बायकोच्या वाटेवर, सारिंतेनच्या पळीशी थांबून राहिला.

"दगडाची झाली तरी," मुर्नियाती रडत रडत म्हणाली, "हिची पळी प्रत्येक गोष्टीत आडवी येतेच."

सारिंतेन चुलीपासून उठून आली. तिनं पुतळ्याच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळीच पुसलेलं, स्वच्छ. मग हाताकडे पाहिलं.

"बाळा," ती गालिहला म्हणाली, "हा हात तोड."

गालिहचा चेहरा बदलला. "बू, पण हा तर तुमचा..."

"म्हणून तर मी सांगतेय. दुसऱ्याचा असता तर सभा घ्यावी लागली असती."

गालिह तिच्याकडे बघत राहिला. या खेपेला त्यानं कागद नाही, डोळेच वाचले असावेत.

"हो, बू," तो म्हणाला.

त्या 'हो'चा सूर कुठला ते पाहायला सारिंतेननं मान वळवली. पण तोवर पोरानं आपला दांडा मुर्नियातीच्या थोरल्याकडे दिला होता आणि पाक एर्तेकडे घण मागायला तो धावतही सुटला होता.